मेंटेनन्सच्या वेळेत सामायिक डेटाबेसचा प्रवेश बंद ठेवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साखर कारखाना, महाविद्यालय, रुग्णालय अशा संस्थांचे डेटाबेस सांभाळतो. या सगळ्या ठिकाणी हिशेब, भांडार, पगार, वजनकाटा, बाह्यरुग्ण विभाग असे पाच-सहा विभाग एकाच डेटाबेसवर असतात. तो दोन तास बंद ठेवायचा म्हटलं की फोन सुरू होतात. विचारणाऱ्यांत संगणक विभागातली नवी मुलं असतात, तसे टेबलावर बसून एंट्री करणारे कारकूनही असतात. दोघांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीची आहेत, बाकीच्या प्रणालींसाठी प्रश्न १५ पाहा. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.

१. मेंटेनन्ससाठी सगळ्यांना बाहेर काढावंच लागतं का? चालू डेटाबेसवर काम होत नाही का?

बरीचशी कामं होतात. साधं व्हॅक्यूम (खोडलेल्या नोंदींची जागा मोकळी करणं), अ‍ॅनलाइझ (टेबलांची आकडेवारी ताजी करणं), बॅकअप, एखादा नवा कॉलम जोडणं यासाठी कुणालाही उठवायची गरज नसते. ११व्या आवृत्तीपासून ठरावीक डीफॉल्ट किंमत असलेला कॉलमही सगळा टेबल पुन्हा न लिहिता जोडता येतो. १२व्या आवृत्तीपासून इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नव्याने बांधतानाही ‘कन्करंटली’ हा शब्द वापरून लोकांना काम करू देता येतं.

लोकांना बाहेर काढावं लागतं ते टेबलाला बराच वेळ पूर्ण कुलूप लागणार असेल तेव्हा. व्हॅक्यूम फुल (टेबल नव्याने लिहून आकसवणं), मोठ्या टेबलातल्या कॉलमचा प्रकार बदलणं, जुन्या बॅकअपवरून डेटा परत आणणं, पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती बदलणं ही त्यातली नेहमीची कामं. ‘अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह’ हे कुलूप असं आहे की ते लागलेलं असेपर्यंत त्या टेबलातून साधं वाचताही येत नाही.

लोक चालू कामात असताना हे कुलूप मागितलं, तर एक वाईट गोष्ट घडते. एखाद्याचा लांबलेला व्यवहार (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा नोंदींचा गट) त्या टेबलावर उघडा असतो. आपली आज्ञा त्याच्यामागे रांगेत थांबते आणि नंतर आलेला प्रत्येक जण आपल्यामागे थांबतो. आपण अजून कामाला हातही लावलेला नसतो, तरी सगळं कार्यालय अडकतं. म्हणून चालू वेळेत असं काही करायचंच असेल, तर आधी ‘लॉक टाइमआउट’ पाच सेकंदांचा लावा. तेवढ्यात कुलूप मिळालं नाही, तर आज्ञा आपली आपण मागे फिरते.

२. रात्रीच्या बॅकअपसाठी आम्ही रोज तासभर लॉगिन बंद ठेवतो. बरोबर आहे ना?

पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या साधनाने बॅकअप घेत असाल तर गरज नाही. तो सुरू होतानाच्या क्षणाचं चित्र धरतो आणि तेवढंच लिहून घेतो. मधल्या काळातल्या नोंदी त्यात येत नाहीत, पण कुणाचं वाचन-लेखन अडत नाही. फक्त त्या वेळात टेबलांची रचना बदलू नका.

सर्व्हर चालू असताना डेटा फोल्डरच्या फाइली नुसत्या कॉपी करत असाल, तर मात्र लॉगिन बंद ठेवूनही तो बॅकअप भरवशाचा नाही. त्यासाठी सर्व्हरच थांबवावा लागतो किंवा पीजी-बेसबॅकअप (चालू सर्व्हरची पूर्ण प्रत घेणारं साधन) वापरावं लागतं.

३. मेंटेनन्सची वेळ कशी ठरवायची? रात्री अकरा ते तीन चालेल का?

रात्र म्हणजे मोकळा वेळ हे अनेक ठिकाणी खरं नसतं. कारखान्यात गळीत हंगाम सुरू असताना उसाच्या गाड्या रात्रभर काट्यावर येतात. काट्याचा संगणक बंद म्हणजे गाड्यांची रांग रस्त्यावर, बैल आणि माणसं थंडीत ताटकळत. तिथे मोठं काम हंगाम संपल्यावर काढायचं आणि हंगामात फक्त अगदी अटळ तेवढंच करायचं. रुग्णालयात तर ‘बंद’ हा शब्दच जपून वापरावा लागतो. बँकिंगशी जोडलेल्या यंत्रणांतही आता रात्र उरलेली नाही: एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतात.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. सर्वसाधारण महिनाभर दर पंधरा मिनिटांनी ‘पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी’ या यादीतली चालू सेशन्स (सुरू असलेली कनेक्शनं) मोजून एका टेबलात साठवा. महिन्याने तास आणि वार लावून बघितलं की खरी मोकळी वेळ समोर दिसते. एका महाविद्यालयात सगळे रविवार सकाळ म्हणत होते. मोजणीत दिसलं की प्राध्यापक अंतर्गत गुण नेमके रविवारी सकाळी घरून भरतात. खरी मोकळी वेळ निघाली बुधवारी पहाटेची.

दिनदर्शिकाही समोर ठेवा. ३१ मार्च आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा आठवडा, पगाराचे दिवस, मासिक विवरणपत्रं भरणाऱ्यांसाठी जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन दिवस, प्रवेशप्रक्रिया, निकाल. या दिवसांत हात लावू नका. सणाच्या आदल्या रात्रीही नको. काही बिघडलं तर दुसऱ्या दिवशी मदतीला कुणी सापडत नाही.

४. नोटीस किती आधी द्यावी आणि तिच्यात काय लिहावं?

मुंबईकरांना मेगाब्लॉकची घोषणा पाठ असते. कोणत्या मार्गावर, कोणत्या स्थानकापासून कुठपर्यंत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि त्या वेळात गाड्या कुठून वळवल्या जातील. डेटाबेसच्या नोटिशीत हेच चार मुद्दे हवेत. ‘तांत्रिक कारणास्तव सेवा खंडित राहील’ या वाक्यातून टेबलावरच्या माणसाला काहीही कळत नाही.

मी साधारण अशी लिहितो: ‘शनिवारी रात्री ११ ते रविवारी पहाटे ३ या वेळेत भांडार, हिशेब आणि पगार हे तिन्ही विभाग बंद राहतील. काट्याची नोंद चालू राहील. रात्री १०.४५ पर्यंत हातातली एंट्री जतन करून बाहेर पडावे. ११ वाजता उघडी राहिलेली स्क्रीन आपोआप बंद होईल आणि जतन न केलेली नोंद जाईल. भांडारातून रात्री माल द्यायचा झाल्यास छापील पावतीपुस्तक वापरावे, नोंद सकाळी करावी. अडचण आल्यास या क्रमांकावर फोन करावा.’

आठवडाभर आधी एकदा, आदल्या दिवशी एकदा आणि तासभर आधी एकदा. पाळीत काम चालतं तिथे प्रत्येक पाळीच्या फलकावर कागदही लावा. रात्रपाळीचा माणूस दुपारचा ईमेल वाचत नाही.

५. मी एंट्री करत असतानाच स्क्रीन बंद पडली. माझं काम गेलं का?

जे ‘जतन झाले’ असं सांगून झालं होतं, ते गेलेलं नाही. जे स्क्रीनवर नुसतं टाइप केलेलं होतं, ते गेलं.

मधली अवस्था सॉफ्टवेअर कसं लिहिलंय त्यावर ठरते. वीस ओळींची पावती एकाच व्यवहारात जात असेल, तर एक तर वीसही ओळी असतात किंवा एकही नसते. काही जुनी सॉफ्टवेअर प्रत्येक ओळ वेगळी जतन करतात. तिथे पावतीचा क्रमांक पडलेला आणि सातच ओळी आत, असं होऊ शकतं. म्हणून सकाळी आल्यावर आधी आपली शेवटची नोंद उघडून बघा आणि मगच पुढचा क्रमांक घ्या. अर्धी नोंद सापडली तर स्वतः खोडू नका, संगणक विभागाला कळवा.

६. प्रवेश बंद करायचा नेमका मार्ग कोणता?

पोस्टग्रेसमध्ये चार मार्ग आहेत आणि चौघांचा स्वभाव वेगळा आहे.

रोजच्या वापरासाठी मी हक्क काढून घेण्याचा मार्ग धरतो. सगळ्या कर्मचाऱ्यांची लॉगिन एका गट-रोलमध्ये (एकत्र हक्क देता येतील अशा गटात) घालायची, समजा त्याचं नाव ‘कार्यालय’. डेटाबेसवरचा कनेक्ट हक्क फक्त या गटाला द्यायचा. मेंटेनन्स सुरू करताना ‘रिव्होक कनेक्ट’, संपल्यावर ‘ग्रँट कनेक्ट’. एका ओळीत दार बंद, एका ओळीत उघडं. काट्याची लॉगिन वेगळ्या गटात ठेवली, तर काटा चालू ठेवून बाकीचे बंद करता येतात.

दुसरा मार्ग ‘पीजी-एचबीए’ फाइलचा. कुणाला कुठून आत घ्यायचं ते ठरवणारी ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ पहिली जुळते तिचाच निर्णय चालतो. सर्वांत वर आपल्या संगणकाला परवानगी देणारी ओळ, तिच्याखाली बाकी सगळ्यांना ‘रिजेक्ट’. बदल केल्यावर रीलोड करायला, म्हणजे सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावायला, विसरू नका. इथे एक चूक फार जण करतात: पत्त्याच्या जागी सगळी शून्यं लिहून मोकळे होतात. त्यात फक्त आयपीव्ही-४ या जुन्या पद्धतीचे पत्ते येतात. त्याच सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर ‘लोकलहोस्ट’ म्हणत आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यावरून आरामात आत येतं. पत्त्याच्या जागी ‘ऑल’ लिहा. ‘होस्ट’ (नेटवर्कच्या पत्त्यावरून येणारे) आणि ‘लोकल’ (त्याच यंत्रावरून पत्त्याशिवाय येणारे) या वेगळ्या ओळी आहेत, हेही लक्षात ठेवा.

तिसरा मार्ग डेटाबेसची ‘कनेक्शन लिमिट’ शून्य करण्याचा. सोपा आहे, पण सुपरयूजरला (सगळे हक्क असलेल्या लॉगिनला) ती मर्यादा लागू होत नाही.

चौथा, ‘अलाऊ कनेक्शन्स फॉल्स’, सगळ्यात कडक. तो सुपरयूजरलाही अडवतो. मुख्य उपयोग डेटाबेसचं नाव बदलताना किंवा तो दुसऱ्या जागी हलवताना. वापरण्याआधी प्रश्न ११ वाचा.

७. एका कर्मचाऱ्याचा कनेक्ट हक्क काढला, तरी तो लॉगिन करतोय. असं कसं?

नवा डेटाबेस तयार होतो तेव्हा कनेक्टचा हक्क ‘पब्लिक’ला, म्हणजे प्रत्येकाला, आपोआप मिळालेला असतो. त्या माणसाला वेगळा हक्क कधी दिलाच नव्हता, त्यामुळे काढून घेतला तरी फरक पडत नाही. एकदाच ‘रिव्होक कनेक्ट ऑन डेटाबेस… फ्रॉम पब्लिक’ करा आणि मग गटाला हक्क द्या. हे दिवसा न करता पहिल्या मेंटेनन्समध्येच करा. एखादं विसरलेलं सॉफ्टवेअर कुठल्या लॉगिनने येतं ते तेव्हाच कळेल.

८. दार बंद केलं, पण लोक अजून आतच आहेत!

या सगळ्या पानातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दार बंद करणं आणि खोली रिकामी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. वरच्या चारही मार्गांनी फक्त नवी माणसं थांबतात. जी आत आहेत ती कितीही वेळ आत राहू शकतात.

क्रमही उलटा चालत नाही. आधी लोकांना काढलं आणि मग दाराकडे वळलात, तर तेवढ्यात सॉफ्टवेअर स्वतःहून पुन्हा जोडलं जातं. आजची बहुतेक सॉफ्टवेअर तुटलेलं कनेक्शन एका सेकंदात परत जोडतात. म्हणून आधी दार, मग माणसं.

काढतानाही पहिल्यांदा बघा. ‘पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी’त कोण आहे, कुठल्या संगणकावरून, व्यवहार कधी सुरू झाला आणि अवस्था काय, हे सगळं दिसतं. ‘आयडल’ म्हणजे नुसता बसलेला, त्याला काढलं तर नुकसान नाही. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणजे व्यवहार उघडून उठून गेलेला. याला बहुधा काढावंच लागतं, पण आधी फोन करा. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे आत्ता काम चालू आहे. ते काय आहे हे वाचल्याशिवाय हात लावू नका.

हे मी एका रात्रीनंतर शिकलो. घड्याळात अकरा वाजले म्हणून मी यादीतली सगळी सेशन्स एका ओळीत बंद केली. त्यातलं एक पगाराचं होतं, आठ वाजल्यापासून चाललेलं, संपायला काही मिनिटं उरलेली. तीन तासांचं काम पुसलं गेलं. पगार विभागातल्या ताई रात्री पुन्हा आल्या आणि पहाटेपर्यंत बसल्या. त्या दिवसापासून पाच मिनिटांपेक्षा जुना ‘अ‍ॅक्टिव्ह’ व्यवहार दिसला की मी आधी तो कुणाचा आहे ते शोधतो, मग ठरवतो.

‘पीजी-कॅन्सल-बॅकएंड’ फक्त चालू क्वेरी (डेटाबेसला दिलेलं काम) थांबवतं, कनेक्शन राहतं. ‘पीजी-टर्मिनेट-बॅकएंड’ कनेक्शनच तोडतं. टर्मिनेट झालेल्याला ५७पी०१ हा कोड मिळतो. तो ओळखून सॉफ्टवेअरने ‘मेंटेनन्स सुरू आहे, पहाटे तीननंतर या’ असा मराठी संदेश दाखवावा, अशी विनंती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना जरूर करा. एवढ्या एका संदेशाने निम्मे फोन कमी होतात.

९. टर्मिनेट करूनही एक प्रोसेस जात नाही. किल मायनस नाइन (प्रोसेस जबरदस्तीने मारणारी आज्ञा) करू का?

नको. एक प्रोसेस अशी मारली, तर पोस्टग्रेस सामायिक मेमरीवर विश्वास ठेवत नाही. तो सगळ्यांची कनेक्शनं तोडतो आणि क्रॅश झाल्यासारखा रिकव्हरी करत परत उभा राहतो.

प्रोसेस लगेच जात नाही याचं कारण बहुधा ती डिस्कची किंवा नेटवर्कची वाट बघत असते. दोन-चार मिनिटं थांबा. तरीही गेली नाही, तर सर्व्हर ‘फास्ट’ पद्धतीने (चालू व्यवहार रद्द करून) बंद करून चालू करा. बंद करण्याची तीच डीफॉल्ट पद्धत आहे. तोही अडकला तरच ‘इमिजिएट’ (सगळं जागच्या जागी तोडून).

१०. आमचं सॉफ्टवेअरच सुपरयूजरने जोडलेलं आहे. हक्क काढून काहीच होत नाही.

हे चित्र फार ठिकाणी दिसतं. बसवणाऱ्याने घाईत ‘पोस्टग्रेस’ हेच लॉगिन दिलं आणि ते तसंच राहिलं. सुपरयूजरला कनेक्ट हक्काची तपासणी नाही, कनेक्शन लिमिट नाही. ‘सुपरयूजर रिझर्व्ह्ड कनेक्शन्स’ या नावाने अडचणीच्या वेळेसाठी राखलेल्या तीन जागाही तेच सॉफ्टवेअर खाऊन टाकतं. मग जागा भरल्या की तुम्हालाच आत जाता येत नाही.

आजच्या रात्रीपुरता उपाय: पीजी-एचबीएमधली रिजेक्ट ओळ सुपरयूजरलाही लागू होते, ती वापरा. कायमचा उपाय: सॉफ्टवेअरसाठी साधा रोल करा, त्याला लागतील तेवढेच हक्क द्या आणि पुढच्या मेंटेनन्समध्ये बदल करा. डेटाबेसची मालकीही सॉफ्टवेअरच्या रोलकडे नसावी. मालकाचे हक्क अंगचेच असतात. पब्लिककडून हक्क काढला तरी मालक आत येतो.

११. अलाऊ कनेक्शन्स फॉल्स केलं आणि आता मीच आत जाऊ शकत नाही.

घाबरू नका, डेटा जागेवर आहे. त्याच सर्व्हरवरच्या ‘पोस्टग्रेस’ नावाच्या दुसऱ्या डेटाबेसला जोडा आणि तिथून ‘अलाऊ कनेक्शन्स ट्रू’ करा. तुम्ही ज्या डेटाबेसमध्ये आहात त्याचंच दार बंद करू देत नाही, त्यामुळे बंद करतानाही तुम्ही दुसरीकडूनच केलेलं असणार.

पीजी-एचबीएमुळे बाहेर राहिला असाल, तर सर्व्हरच्या यंत्रावर जाऊन फाइल दुरुस्त करा आणि ‘पीजी-सीटीएल रीलोड’ करा. त्यासाठी डेटाबेसचं लॉगिन लागत नाही. म्हणून यंत्राचा पासवर्ड जवळ असल्याशिवाय या फाइलला हात लावू नये.

१२. लोकांना फक्त वाचू दिलं तर चालेल. ते करता येतं का?

येतं, पण सोप्या मार्गावर विसंबू नका. ‘डीफॉल्ट ट्रान्झॅक्शन रीड ओन्ली’ चालू केलं की नवी सेशन्स वाचनापुरती सुरू होतात. मात्र हा फक्त डीफॉल्ट आहे. कुठलंही सेशन एका ओळीत ते उलटवू शकतं, आणि काही सॉफ्टवेअर नकळत उलटवतातही. चुकून होणाऱ्या नोंदी थांबवायला हे पुरेसं आहे, कुलूप म्हणून नाही.

खरं वाचनापुरतं हवं असेल, तर स्टँडबाय सर्व्हर (मुख्य सर्व्हरची सतत ताजी राहणारी प्रत) ठेवा आणि अहवाल बघणाऱ्यांना त्याकडे वळवा. तिथे लिहिणं मुळात शक्यच नसतं. रुग्णालयात मी नेहमी हाच आग्रह धरतो: रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाची जुनी औषधं आणि अ‍ॅलर्जी डॉक्टरांना दिसलीच पाहिजे. नवी नोंद कागदावर करता येते, जुनी नोंद कागदावर नसते.

१३. रोज ठरलेल्या वेळी आपोआप बंद आणि आपोआप चालू कसं करायचं?

क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) दोन कामं लावायची: एक बंद करणारं, एक उघडणारं. अडचणी तपशिलात असतात.

पहिली घड्याळाची. भाड्याने घेतलेले बहुतेक सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपले रात्रीचे ११ म्हणजे तिथले संध्याकाळचे ५.३०. हे न बघता ‘२३’ लिहिलं, तर डेटाबेस आपल्या पहाटे साडेचारला बंद होतो आणि सकाळी साडेआठपर्यंत बंदच राहतो.

दुसरी मध्यरात्रीची. ‘वेळ २३ ते ३ मध्ये आहे का’ अशी साधी तुलना कधीच खरी ठरत नाही, कारण २३ ही संख्या ३ पेक्षा मोठी आहे. अट ‘२३ किंवा त्यानंतर, अथवा ३ च्या आधी’ अशी लिहावी लागते.

तिसरी सगळ्यात त्रासदायक. बंद करण्याचं काम झालं, मग वीज गेली, आणि उघडण्याची वेळ सर्व्हर बंद असतानाच निघून गेली. क्रॉन ते काम मागाहून करत नाही. यासाठी ‘तीन वाजता उघड’ असं न लावता, दर पाच मिनिटांनी ‘आत्ता दार उघडं असायला हवं का, आणि ते तसं आहे का’ हे तपासणारं काम लावा. हाताने वाढवलेल्या वेळेसाठी त्याला एक खूण-फाइल बघायला सांगा, नाहीतर तुमचं काम अर्धवट असताना ते दार उघडेल.

रोलवरचं ‘व्हॅलिड अनटिल’ यासाठी नाही. ते फक्त पासवर्डची मुदत ठरवतं. १७व्या आवृत्तीपासून लॉगिनच्या क्षणी चालणारा ट्रिगर लिहिता येतो आणि त्यात वेळ तपासता येते. पण त्यात चूक झाली तर सगळेच बाहेर राहतात, म्हणून आधी चाचणीच्या सर्व्हरवर चालवा.

१४. आमचं ग्राहक कार्यालय अमेरिकेत आहे. आमची रात्र म्हणजे त्यांचा दिवस.

पुण्यातल्या बऱ्याच जणांचा हा प्रश्न असतो. आपले रात्रीचे ११ म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात दुपारचे १.३० आणि हिवाळ्यात १२.३०. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आपली हलत नाहीत. वर्षभराचं वेळापत्रक एकदाच ठरवून मोकळं होता येत नाही. नोटिशीत दोन्हीकडच्या वेळा तारखेसह लिहा, आणि त्या दोन रविवारी मेंटेनन्स ठेवूच नका.

१५. आमच्याकडे पोस्टग्रेस नाही. तिथे काय?

तत्त्व प्रश्न ८ मधलंच, नावं वेगळी.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘सिंगल यूजर’ आणि ‘रिस्ट्रिक्टेड यूजर’ अशा दोन अवस्था आहेत. पहिली ऐकायला बरी वाटते, पण ती एकच खुर्ची ठेवते आणि त्या खुर्चीवर तुमच्याऐवजी एखादं वेब सॉफ्टवेअर येऊन बसू शकतं. मग तुम्ही बाहेर. बहुतेक कामांना रिस्ट्रिक्टेड यूजर पुरते. तिथे मालक आणि प्रशासक गटच आत येतात. ‘विथ रोलबॅक आफ्टर’ लावून सेकंदांची मुदत द्या. लांबलेला व्यवहार उलटा फिरवायला इथे बराच वेळ लागू शकतो, तो हिशेबात धरा.

मायएसक्यूएलमध्ये ‘ऑफलाइन मोड’ सामान्य लोकांची कनेक्शनं तोडतो आणि नवी थांबवतो, म्हणजे दोन्ही कामं एकत्र. ‘अकाउंट लॉक’ मात्र फक्त दार बंद करतं. ऑरॅकलमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड सेशन’ चालू केल्यावरही आधीचे लोक आत राहतात, त्यांना वेगळं काढावं लागतं.

अ‍ॅक्सेसची (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस-प्रणालीची) फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवून काम करणारी कार्यालयं अजून पुष्कळ आहेत. ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’साठी फाइल एकट्याकडे लागते. शेजारी कुलपाची छोटी फाइल दिसत असेल, तर बहुधा कुणीतरी आत आहे. त्या माणसाचा संगणक थेट बंद करू नका. लिहिणं चालू असेल तर फाइल खराब होते.

१६. सॉफ्टवेअर आणि डेटाबेसच्या मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शनं वाटून देणारा पूलर) आहे. वेगळं काही करावं लागतं का?

हो, आणि त्यामुळे काम सोपंही होतं. छोट्या कामांसाठी, उदाहरणार्थ नव्या किरकोळ आवृत्तीसाठी सर्व्हर एकदा बंद-चालू करायचा असेल, तर ‘पॉज’ द्या. चालू व्यवहार संपू दिले जातात आणि नव्या क्वेरी रांगेत थांबतात. ‘रिझ्यूम’ दिलं की त्या पुढे जातात. समोरच्याला एरर दिसत नाही, फक्त आज थोडं हळू चाललंय असं वाटतं. रांगेत थांबण्याची डीफॉल्ट मर्यादा १२० सेकंद आहे. त्याच्या आत आटपा. ट्रान्झॅक्शन पद्धतीने, म्हणजे व्यवहारापुरतंच कनेक्शन देत, चालणाऱ्या पूलमध्येच हे नीट जमतं. सेशन पद्धतीत पॉज प्रत्येक जण बाहेर पडेपर्यंत थांबून राहतो.

पूलर असताना पीजी-एचबीएला सगळे एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. काहींना आत आणि काहींना बाहेर ठेवायचं असेल, तर ते पूलरमध्येच ठरवावं लागतं.

१७. साहेबांना चालू ठेवा, बाकी बंद करा, असं सांगितलं जातं. काय करू?

काम कोणतं आहे त्यावर उत्तर आहे. आवृत्ती बदलताना कुणालाच आत ठेवता येत नाही आणि हे पदाशी संबंधित नाही, एवढं शांतपणे सांगावं. हवा असलेला अहवाल आधीच काढून पीडीएफ पाठवून ठेवला, तर बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो.

खरा अपवाद असेल, जसा काटा किंवा अपघात विभाग, तर तो नोटीस देण्यापूर्वी ठरलेला हवा. त्याचा वेगळा रोल, वेगळी नोंद. रात्री बारा वाजता फोनवर दिलेली सवलत सकाळी कुणाला आठवत नाही.

कोण आत होतं याची नोंद ठेवण्यासाठी ‘लॉग कनेक्शन्स’ आणि ‘लॉग डिसकनेक्शन्स’ चालू ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात.

१८. तीन वाजले आणि काम संपलं नाही. पुढे काय?

हा निर्णय तीन वाजता घ्यायचा नसतो. अकरा ते तीन वेळ असेल आणि जुन्या स्थितीवर परत यायला सव्वा तास लागत असेल, तर दीडच्या सुमाराला थांबून बघायचं: उरलेलं काम नक्की होतंय का? नक्की नसेल तर मागे फिरायचं. पोस्टग्रेसमध्ये टेबलांच्या रचनेतले बहुतेक बदल व्यवहारात गुंडाळता येतात आणि रोलबॅक करता येतात, हा मोठा आधार आहे. मागे फिरायला किती वेळ लागतो हे आधी चाचणीत घड्याळ लावून मोजलेलं असलं पाहिजे.

वेळ वाढवावीच लागली तर नवी वेळ अडीचच्या आत कळवा, आणि ती खरी कळवा. दर अर्ध्या तासाने ‘अजून अर्धा तास’ असं सांगण्यापेक्षा एकदाच ‘सकाळी सहा’ सांगितलेलं लोकांना परवडतं. रात्रपाळीचा माणूस तेवढ्यात डोळा तरी लावू शकतो.

१९. उघडताना काही वेगळं बघायचं असतं का?

सगळ्यांना एकदम सोडू नका. दार बंद असतानाच आपल्या लॉगिनने नेहमीची तीन-चार कामं करून बघा: एक पावती, एक अहवाल, एक शोध. बॅकअपवरून डेटा परत आणला असेल तर अ‍ॅनलाइझ चालवा. पीजी-अपग्रेडने आवृत्ती बदलली असेल आणि नवी आवृत्ती १८ च्या आधीची असेल तरीही चालवा, कारण त्या अपग्रेडमध्ये जुनी आकडेवारी सोबत येत नाही. हे राहिलं तर सकाळी सगळं चालू असतं, पण कासवासारखं.

मग प्रत्येक विभागातल्या एकाला आत घ्या. त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटल्यावर गटाचा हक्क परत द्या. थांबवून ठेवलेली क्रॉनची कामं, रात्रीचा बॅकअप, खूण-फाइल, पीजी-एचबीएमधली रिजेक्ट ओळ, सगळं पूर्ववत झालं का ते कागदावरच्या यादीवर टिचकी मारत बघा. पहाटे तीन वाजता स्मरणशक्तीवर काम करू नये.

२०. सगळं केलं, तरी टेबल कुलूपबंदच दाखवतंय. आत कुणीच नाही.

‘पीजी-प्रिपेअर्ड-झॅक्ट्स’ हा व्ह्यू बघा. दोन टप्प्यांत पूर्ण होणारा एखादा व्यवहार पहिल्या टप्प्यावर सोडून दिला गेला असेल, तर त्याचं कुलूप कनेक्शन तुटल्यावरही राहतं, सर्व्हर बंद-चालू केल्यावरही राहतं. डीफॉल्ट मांडणीत ही सोय बंद असते, त्यामुळे कुणीतरी ती मुद्दाम चालू केलेली असणार. तो व्यवहार कुठल्या सॉफ्टवेअरचा आहे ते शोधा, दुसऱ्या बाजूला तो पूर्ण झाला होता का ते त्यांना विचारा आणि त्यानुसार ‘कमिट प्रिपेअर्ड’ किंवा ‘रोलबॅक प्रिपेअर्ड’ करा. न विचारता रोलबॅक केलं, तर एका डेटाबेसमध्ये पैसे आलेले आणि दुसऱ्यातून गेलेलेच नाहीत, असा हिशेब सकाळी समोर येतो.